मजकूर, मसुदा, मोर्तब

वर्डप्रेससारखी आशय व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे रोजच्या बोलण्यातला सीएमएस, शिकवणारा कोणीही पहिल्या तासाला एक गोष्ट सांगतो. मजकूर एकीकडे ठेवायचा आणि त्याचे दिसणे दुसरीकडे. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो. रंग, फाँट, समास, चित्रांची मांडणी हे सगळे ‘थीम’ नावाच्या वेगळ्या साच्यात राहते. उद्या साचा बदलला तरी मजकुराला धक्का लागत नाही. झाशीच्या सिव्हिल लाइन्समध्ये इलाइट चौकाजवळच्या एका वर्गात मी ही गोष्ट हिंदीतून ऐकली. वर्गातल्या इतरांना दुकानांची, शाळांची, कोचिंग क्लासेसची संकेतस्थळे करायची होती. मला आमच्या घरातल्या जुन्या कागदांसाठी एक जागा करायची होती. ते काम करता करता लक्षात आले, की सीएमएस जे प्रश्न विचारतो ते झाशीच्या मराठी माणसाला नवे नाहीत. मजकूर कोणी लिहायचा, कोणी तपासायचा, तो कोणत्या लिपीत टिकणार आणि त्यात बदल करण्याचा हक्क कोणाचा, हे प्रश्न इथे अडीचशे वर्षांहून जास्त काळ आहेत.

झाशीत मराठी आली ती सत्तेबरोबर. १७४२ मध्ये पेशव्यांचे सुभेदार म्हणून नारो शंकर इथे आले. त्यांनी किल्ला वाढवला, शहर वसवले, आणि त्यांच्याबरोबर कारकून, भटजी, शिपाई, सावकार अशी माणसे आली. पुढे सुभेदारी नेवाळकरांकडे गेली. १८१७ च्या पुणे तहाने पेशव्यांचे बुंदेलखंडावरचे हक्क कंपनीकडे गेले. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले, आणि १८५४ मध्ये डलहौसीने संस्थान खालसा केले. एका शतकाहून थोडा अधिक काळ इथला कारभार मराठी दफ्तरात, मोडी लिपीत चालला.

त्या दफ्तराचे आणि राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाचे १८५८ च्या एप्रिलमध्ये काय झाले, याची एक साक्ष मराठीतच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या वेळी झाशी शहरातच होते. ह्यू रोझची फौज आत शिरल्यावर झालेली कत्तल, लूट आणि पुस्तकांची नासधूस त्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये नोंदवली आहे. ते प्रसंग घडल्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी ते लिहिले. १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी ते छापले, पण काही भाग गाळून आणि काही बदलून. इंग्रजी अमलात दुसरे करणे कठीण होते. मूळ मोडी हस्तलिखित शाबूत राहिले म्हणून दत्तो वामन पोतदारांना १९६६ मध्ये मूळ मजकुराची आवृत्ती काढता आली. मधली जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक संपादित मजकुरालाच गोडसे समजत होता.

मी राहतो तो सिव्हिल लाइन्सचा भाग या सगळ्यानंतरचा. १८६१ मध्ये इंग्रजांनी झाशीचे जुने शहर आणि किल्ला ग्वाल्हेरच्या शिंद्यांना दिला आणि स्वतःची कचेरी, बंगले, छावणी भिंतीबाहेर ठेवली. त्या वस्तीला झाशी नवाबाद म्हणत. नवाबाद हे नाव इथल्या पोलीस ठाण्याला अजून आहे. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत देऊन इंग्रजांनी झाशी शहर पुन्हा ताब्यात घेतले. म्हणजे पंचवीस वर्षे शहरातले कागद एका सरकारचे आणि सिव्हिल लाइन्समधले दुसऱ्या सरकारचे. आत पुन्हा मराठी दरबार, बाहेर उर्दू आणि इंग्रजी. जी मराठी घरे या उलथापालथीतही ग्वाल्हेर, इंदूर किंवा बिठूरला गेली नाहीत, त्यांच्याकडे सरकारी दफ्तर उरले नाही. उरले ते घरगुती कागद: जमाखर्च, लग्नाच्या याद्या, जमिनीच्या वादातली पत्रे, माहेरवाशिणींचे निरोप.

आमच्याकडचे कागद याच जातीचे. बहुतेक १८७० ते १९१० मधले, दोन त्याआधीचे. वाचता येणारे घरात कोणी नाही. आमच्या पिढीला मराठी बोलता येते, लिहिताना हिंदी मधे येते. पुढच्या पिढीला ऐकून समजते एवढेच. कागद रद्दीत जाण्याआधी काही करायचे, तर ते आत्ताच करायचे होते.

संगणकावर मराठी लिहिण्याचा इतिहासही मजकूर आणि रूप यांच्या घोळाचाच आहे. १९९० च्या दशकात मराठी पान करायचे, तर एचटीएमएल हाताने लिहावे लागे आणि अक्षरांसाठी एखादा खास फाँट वापरावा लागे. त्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. पडद्यावर ‘झाशी’ दिसे, पण संगणकाच्या लेखी तिथे दोन-चार रोमन अक्षरे आणि चिन्हे असत. वाचणाऱ्याकडे तो फाँट नसला की पानावर निरर्थक रोमन अक्षरांची गर्दी. शोध घेता येत नसे, क्रम लावता येत नसे, फाँट बदलता येत नसे. मजकूर नव्हताच, होते ते फक्त त्याचे दिसणे.

यावरचा उपाय तसा आधीच झालेला होता. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. त्याच वर्षी भारत सरकारचे इस्की हे मानकही आले. पण सामान्य संगणकावर युनिकोड देवनागरी सहज दिसू लागली ती विंडोज २००० आणि एक्सपीच्या काळात. तेव्हा विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा फाँट मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटला होता. लाखो हिंदी भाषकांनी संगणकावर पहिल्यांदा आपली भाषा वाचली ती एका मराठी कवीच्या हातच्या अक्षरांत.

सीएमएस आले ते याच सुमारास. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ड्रीस बायटार्ट या विद्यार्थ्याचे द्रुपल जानेवारी २००१ मध्ये खुले झाले. त्याच्या नावामागे ‘थेंब’ या अर्थाचा डच शब्द आहे. मे २००३ मध्ये दोन गोष्टी घडल्या: १ तारखेला मराठी विकिपीडिया सुरू झाला, आणि २७ तारखेला मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी बी-टू नावाच्या जुन्या प्रणालीवरून बेतलेले वर्डप्रेस प्रसिद्ध केले. २००५ मध्ये ‘मॅम्बो’मधून फुटून जूमला निघाले. हे नाव ‘सगळे मिळून’ या अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून घेतलेले आहे, आणि तो स्वाहिलीत आला अरबीतून. तोच अरबी शब्द आपल्या जमाखर्चात एकूण बेरजेसाठी ‘जुमला’ म्हणून येतो. आमच्या ट्रंकेतल्या हिशेबाच्या पानांवरही तो तळाशी आहे.

मराठी संकेतस्थळांची पहिली मोठी फळी द्रुपलवर उभी राहिली. ‘मायबोली’ १९९६ पासून चालू होती आणि पुढे द्रुपलवर आली. २००४ चे ‘मनोगत’, २००७ ची ‘मिसळपाव’ आणि ‘उपक्रम’ ही स्थळे द्रुपलवरच होती. नुसता साचा उचलून भागणार नव्हते. मराठी टंकण्याची सोय पानातच द्यावी लागली. ‘मनोगत’ने शुद्धिचिकित्सकही दिला. प्रणालीतला प्रत्येक इंग्रजी शब्द मराठीत करावा लागला. प्रशासक, सदस्य, प्रतिसाद, मुखपृष्ठ, व्यक्तिगत निरोप हे शब्द आज सहज वाटतात. या अर्थाने ते रुळले ते या स्थळांमुळे. शब्दकोशाच्या समितीने नव्हे, एक यंत्र मराठीत चालवायला बसलेल्या माणसांनी ते रुळवले.

झाशीत बसून शिकणाऱ्याला यातल्या काही अडचणी नव्याने भेटतात. पहिली भाषेच्या ओळखीची. इथे देवनागरी म्हणजे हिंदी असे माणसेही धरून चालतात आणि यंत्रेही. वर्डप्रेस बसवताना भाषा निवडण्याची सोय २०१४ च्या ४.० आवृत्तीपासून आहे. तिथे मराठी निवडले की पानाच्या मुळाशी भाषेची खूण ‘हिंदी’ऐवजी ‘मराठी’ अशी पडते. दिसायला काहीच बदलत नाही. पण शोधयंत्र, पान वाचून दाखवणारे साधन आणि सोय असलेला फाँट हे सगळे त्या खुणेवर चालतात. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे आकार हिंदीहून वेगळे असतात, आणि योग्य फाँट ही खूण पाहून आकार निवडतो.

दुसरी अडचण कळफलकाची. इथल्या वर्गांत शिकवली जाणारी टंकनपद्धत हिंदीपुरती. ‘ळ’ कुठे आहे हे शिकवणाऱ्याला कधी लागलेले नसते, आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला रफारापेक्षा वेगळा ‘ऱ्य’ त्याच्या भाषेतच नाही. वास्तविक सरकारी इनस्क्रिप्ट कळफलकात दोन्ही आहेत: ‘ल’च्या कळीवर शिफ्ट दाबून ‘ळ’, ‘र’च्या कळीवर शिफ्ट दाबून नुक्त्याचा ‘ऱ’, आणि त्याला हलन्त जोडला की ‘ऱ्य’. ‘अॅ’साठी स्वतंत्र स्वर ‘ॲ’ मात्र युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला.

तिसरी अडचण साठवणीची. बहुतेक सीएमएस ज्या मायएसक्यूएल डेटाबेसवर चालतात, तो स्वीडनमध्ये घडला. २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत त्याची मुळातली मांडणी पश्चिम युरोपीय अक्षरांची आणि क्रम स्वीडिश वर्णमालेचा होता. मांडणी बदलल्याशिवाय त्यात मराठी घातली, की परत वाचताना ओळभर प्रश्नचिन्हे मिळत. जगभरच्या देवनागरी लिहिणाऱ्यांनी ही प्रश्नचिन्हे पाहिली आहेत.

चौथी पत्त्याची. वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा पत्ता करते आणि त्याला २०० चिन्हांची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक चिन्ह पुरते. देवनागरीचे प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त हे पत्त्यात नऊ-नऊ चिन्हांचे होते. म्हणजे मराठीला साधारण बावीस जागा. उदाहरणार्थ ‘झाशीच्या घरातील मोडी कागद’ हे शीर्षक घ्या. हिशेब २०१ वर जातो, आणि पत्त्यातून शेवटचा ‘द’ गळतो. उरते ‘मोडी-काग’. बुंदेलीत काग म्हणजे कावळा. उपाय सोपा आहे, पत्ता हाताने लहान करावा. पण तो करावा लागतो हे आधी माहीत हवे.

यापुढचा भाग मात्र मला आपल्याच दफ्तरातून समजला. सीएमएसमध्ये माणसांना भूमिका दिलेल्या असतात. वर्डप्रेसमध्ये प्रशासक, संपादक, लेखक, योगदानकर्ता आणि सदस्य अशा पाच. योगदानकर्ता मसुदा लिहू शकतो, प्रसिद्ध करू शकत नाही. संपादक दुसऱ्याचे लेखनही तपासून प्रसिद्ध करू शकतो. हे मराठी कारभारात वाढलेल्या कोणालाही लगेच कळले असते. चिटणीस पत्र लिही, फडणीस आणि मुजुमदार हिशेब पाहत, आणि शेवटी मोर्तबाचा शिक्का उठे. ‘लेखनसीमा’ अशा अक्षरांचा तो शिक्का मजकूर जिथे संपतो तिथेच, म्हणजे पुढे कोणी ओळ घुसडू नये म्हणून. मसुदा, तपासणी, मोर्तब: ‘प्रसिद्ध करा’ या बटणामागे हीच पायरी आहे. फरक इतकाच, की मोर्तबानंतर दफ्तरात बदल होत नसे. संकेतस्थळावर तो केव्हाही होऊ शकतो. म्हणून २००८ च्या २.६ आवृत्तीपासून वर्डप्रेस प्रत्येक बदलाआधीचा मजकूर जपून ठेवते. कोणी, कधी, कोणता शब्द बदलला हे शेजारी शेजारी पाहता येते. गोडसे भटजींच्या पुस्तकाला अशी सोय असती, तर साठ वर्षे थांबावे लागले नसते.

कागद मांडण्यासाठी २०१० च्या ३.० आवृत्तीतली एक सोय उपयोगी पडली. ‘लेख’ आणि ‘पान’ यांखेरीज आपल्याला हवा तो नवा प्रकार करता येतो. मी ‘कागद’ हा प्रकार केला आणि त्याला रकाने दिले: लिहिणारा, ज्याला लिहिले तो, गाव, विषय, मिती. मितीपाशी गाडी अडली. वर्डप्रेसला इसवी सनाचीच तारीख कळते. आमच्याकडचे कागद शकात किंवा संवतात, आणि जुन्या दोनांपैकी एकावर शुहूर सन: अर्बा खमसैन मयातैन व अलफ. चार, पन्नास, दोनशे आणि हजार मिळून १२५४. त्यात ५९९ मिळवले की १८५३-५४. गंगाधरराव गेले आणि झाशी खालसा झाली ते हेच वर्ष. कागदावर त्याचा उल्लेखही नाही. त्यात एका विहिरीच्या दुरुस्तीचा खर्च आहे. मी मूळ मितीसाठी एक रकाना ठेवला, तिचे जसेच्या तसे शब्द लिहिले, आणि इसवी सन शेजारी वेगळा दिला. एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची नाही, हा नियम तिथे पक्का झाला.

लिपीबाबतही तोच. ग्वाल्हेरच्या एका जाणकारांनी मोडी वाचून देवनागरीत उतरवून दिली. पण मोडी अक्षरेही मजकूर म्हणून ठेवता यावीत असे वाटत होते, नुसते छायाचित्र म्हणून नाही. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावांवरून मोडी लिपी जून २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली. देवनागरीचे अक्षर साठवायला तीन बाइट लागतात, मोडीला चार. मायएसक्यूएलचा जुना युनिकोड प्रकार तीनच बाइट घेई आणि चार बाइटचे अक्षर आले की तिथून पुढचा मजकूर कापून टाकी. एप्रिल २०१५ च्या ४.२ आवृत्तीत वर्डप्रेसने चार बाइटचा प्रकार स्वीकारला. त्यामुळे मोबाइलवरचे हसरे-रडके चेहरेही साठवता येऊ लागले. त्या इमोजींनाही चारच बाइट लागतात. त्या चेहऱ्यांच्या मागून शतकानुशतके चालत आलेली मोडी डेटाबेसात शिरली. आता आमच्या प्रत्येक कागदाचे तीन थर आहेत: छायाचित्र, मोडी, देवनागरी. खाली मुलांसाठी हिंदीत सारांश.

खरा पेच तंत्राचा नव्हता. एका जमाखर्चात घरातल्या एका विधवा काकूला दरमहा मिळणाऱ्या रकमेची नोंद होती. पुढच्या वर्षी ती रक्कम निम्मी झाली, आणि त्यापुढे तिचे नावच नाही. ते पान पाहून आत्या म्हणाली, “घरातलं उणं जगाला कशाला दाखवायचं? ते पान काढून टाक.” मी म्हटले, “आत्या, पान काढलं तर तिचं नाव कुठेच राहणार नाही. आपल्या घरात तिचा एवढाच कागद आहे.” आत्या काही बोलली नाही. पान ‘खाजगी’ या स्थितीत गेले, म्हणजे ते डेटाबेसात आहे, पण बाहेरच्याला दिसत नाही. आत्याला मी संपादकाची भूमिका दिली आणि मोबाइलवर ते कसे उघडायचे ते दाखवले.

चार महिन्यांनी तिने त्या पानाखाली स्वतःची टीप लिहिली. हाताने कागदावर लिहून दिली, टंकली माझ्या भाचीने. ती काकू आत्याच्या आजीची जाऊ. तिचे माहेर सागरकडचे, आणि शेवटची वर्षे ती तिथेच होती, एवढे आत्याने आजीकडून ऐकले होते. कुठल्याही कागदात हे नाही. टीप जोडल्यावर आत्यानेच पान प्रसिद्ध केले. जमाखर्चाचा मजकूर जसा होता तसा वर, आत्याची टीप खाली, दोन्हींवर आपापली नावे आणि मित्या.

संकेतस्थळ अमर नसते हे याच क्षेत्राने शिकवले आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केले, तेव्हा हौशी माणसांची लाखो पाने एका दिवसात नाहीशी झाली. काही स्वयंसेवकांनी आधी उतरवून घेतली होती, तेवढी वाचली. नावाचे आणि जागेचे पैसे दरवर्षी भरावे लागतात, आणि भरणारा माणूस उद्या असेलच असे नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी मी सगळा मजकूर एका फाइलीत उतरवतो. तिच्यात अक्षरे साधी युनिकोड असतात. वर्डप्रेस उद्या राहिले नाही तरी ती कुठल्याही साधनाने उघडता येईल. एक प्रत इंदूरच्या चुलतभावाकडे, एक ग्वाल्हेरला, एक पुण्यात, आणि देवनागरी मजकुराची छापील प्रत इथे. भाची आता लेखकाच्या भूमिकेत आहे. तिने गेल्या आठवड्यात एका लग्नाच्या यादीतला ‘शेला’ हा शब्द ‘शेळा’ असा वाचला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच दुरुस्त केला. दोन्ही मसुदे जपलेले आहेत.